शीतपेयांचा बाजार आणि फळउत्पादकाचा वाटा

मार्च महिना उजाडला की शीतपेयांच्या व्यवसायात लगबग सुरू होते. बाटल्या भरण्याच्या कारखान्यांत जादा पाळ्या लावल्या जातात, घाऊक व्यापारी गोदामे भरून ठेवतात आणि एस.टी. स्थानकावरील उपाहारगृहापासून आठवड्याच्या बाजारातील टपरीपर्यंत रंगीत बाटल्यांच्या रांगा दिसू लागतात. एके काळी शहरी चैनीची समजली जाणारी ही वस्तू आता खेड्यातील लग्नसमारंभाच्या आणि पाहुणचाराच्या नित्याच्या यादीत जाऊन बसली आहे.

या बाजाराची वाढ डोळ्यांना दिसते. त्या वाढीचा लाभ कोणाला आणि किती मिळतो, हे मात्र तितक्या सहजासहजी दिसत नाही. आंबा, कोकम, काजू, संत्रे, लिंबू अशी पेयांस उपयुक्त फळे पिकविणाऱ्या महाराष्ट्रात हा प्रश्न केवळ व्यापाऱ्यांचा राहत नाही. पेयांची विक्री वाढली म्हणजे फळाला आपोआप भाव येईल, असा एक समज सर्वत्र आढळतो. गेल्या पन्नास वर्षांतील घडामोडी पाहता हा समज तपासून घेणे आवश्यक ठरते.

बाजाराचे स्वरूप

चहा, कॉफी व मद्ये वगळली तर बाजारातील पेयांचे स्थूलमानाने चार वर्ग करता येतात. वायुयुक्त गोड पेये हा पहिला वर्ग होय. फळांच्या रसापासून अथवा गरापासून केलेली पेये हा दुसरा. बाटलीबंद पाणी हा तिसरा आणि ताक, लस्सी, सुगंधी दूध यांसारखी दुग्धपेये हा चौथा. यांखेरीज उसाचा रस, लिंबू सरबत, कोकम सरबत, नीरा, शहाळे यांचा एक मोठा व्यवहार रसवंतीगृहांतून आणि हातगाड्यांवरून चालतो. त्याची नोंद संघटित व्यापाराच्या आकडेवारीत फारशी येत नाही. परंतु ग्रामीण भागातील रोजगाराच्या दृष्टीने त्याचे महत्त्व कमी नाही.

तयार पेयांच्या बाटलीत सर्वांत मोठा घटक पाणी हाच असतो. अनेक गोड पेयांत १०० मि.ली.मागे १० ग्रॅमच्या आसपास साखर असते. उरलेले घटक अल्प प्रमाणात लागतात. पाणी जड आणि त्या मानाने स्वस्त असल्यामुळे ते दूरवर वाहून नेणे परवडत नाही. म्हणून मोठ्या कंपन्या पेयाचा मूळ अर्क एखाद्या ठिकाणी तयार करतात आणि तो ठिकठिकाणच्या कारखान्यांकडे पाठवितात. स्थानिक पाणी व साखर मिसळून बाटल्या भरण्याचे काम बाजारपेठेच्या जवळ होते. अर्क दुरून आणि पाणी जवळून, हे या उद्योगाचे मूळ सूत्र आहे.

दुसरी बाब थंडाव्याची. शीतपेय थंडच विकावे लागते. त्यामुळे दुकानातील शीतकपाट हा विक्रीचा खरा आधार ठरतो. कंपन्या दुकानदारास असे कपाट पुरवितात आणि त्यात आपलाच माल ठेवावा अशी अपेक्षा बाळगतात. ज्याचे कपाट, त्याची विक्री, अशी स्थिती त्यामुळे निर्माण होते. एखादे सरबत चवीला कितीही सरस असले तरी ते फळीवर कोमट पडून राहिले, तर तहानलेला प्रवासी ते उचलत नाही.

पूर्वपीठिका

महाराष्ट्रात हा व्यवसाय नवा नाही. पुण्यात अर्देशर यांचा सोडावॉटरचा कारखाना १८८४ मध्ये आणि मुंबईत ड्यूक यांचा कारखाना १८८९ मध्ये सुरू झाला. पारशी उद्योजकांनी रास्पबेरी, जिंजर, लेमन अशा चवींची पेये शहरांत रूढ केली. गावोगावच्या लहान कारखान्यांतून गोटी सोडा निघत असे. बाटलीच्या गळ्यात बसविलेली काचेची गोटी वायूच्या दाबाने तोंड बंद ठेवी आणि रिकामी बाटली त्याच दिवशी कारखान्यात परत जाई. हा व्यापार तालुक्याच्या हद्दीत सुरू होई आणि बहुधा तेथेच संपे.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलू लागले. १९५० मध्ये दिल्लीत कोका-कोलाच्या बाटल्या भरण्यास प्रारंभ झाला. मुंबईतील पार्ले या कंपनीने गोल्ड स्पॉट हे पेय लोकप्रिय केले. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार परदेशी कंपन्यांना भारतातील आपले भागभांडवल ४० टक्क्यांपर्यंत खाली आणणे भाग पडले. पेयाच्या अर्काची कृती भारतीय कंपनीकडे सोपविण्याचा प्रश्नही पुढे आला. जनता सरकारच्या काळात, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, कोका-कोला कंपनीने हे मान्य न करता १९७७ मध्ये देशातील व्यवसाय गुंडाळला.

एका प्रमुख पेयाची जागा अशा रीतीने एकाएकी रिकामी झाली. ती कोणी भरून काढली, हा भाग अभ्यासण्यासारखा आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने तयार केलेल्या अर्कावर आधारित ‘७७’ हे पेय मॉडर्न बेकरीज या सरकारी कंपनीमार्फत बाजारात आणण्यात आले. त्यामागे शास्त्रज्ञांचे ज्ञान होते आणि शासनाचा पाठिंबाही होता. तरीही ते टिकले नाही. रिकामी झालेली जागा पार्लेच्या थम्स अपने आणि कोका-कोलासाठी पूर्वी बाटल्या भरणाऱ्या प्युअर ड्रिंक्स कंपनीच्या कॅम्पा कोलाने घेतली. या दोन्ही कंपन्यांकडे बाटल्या भरण्याचे कारखाने, काचेच्या बाटल्यांचा साठा, माल वाहणारी वाहने आणि दुकानदारांशी जुना परिचय होता. नवे पेय सरकारी प्रयोगशाळेत सिद्ध झाले खरे, पण ते प्रत्येक दुकानात वेळेवर पोचविणारी साखळी तयार नव्हती.

पुढील टप्पा १९८८ चा. त्या वर्षी पेप्सी कंपनीस पंजाब अॅग्रो इंडस्ट्रीज कॉर्पोरेशन आणि व्होल्टास यांच्याबरोबर संयुक्त उपक्रमास मान्यता मिळाली. निर्यात करणे आणि पंजाबातील फळे-भाजीपाल्यावर प्रक्रिया करणे या अटी तिच्यावर घालण्यात आल्या होत्या. होशियारपूर जिल्ह्यातील झहुरा येथे टोमॅटोवर प्रक्रिया करणारा कारखाना उभा राहिला आणि १९९० मध्ये ‘लहर पेप्सी’ बाजारात आली. १९९१ नंतरच्या उदार धोरणात या अटी शिथिल झाल्या. १९९३ मध्ये कोका-कोला परतली आणि तिने थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, माझा ही पार्लेची पेये विकत घेतली. १९९४ मध्ये मुंबईची ड्यूक कंपनी पेप्सीकडे गेली. या खरेदीत नावांइतकेच महत्त्व त्या नावांमागे उभ्या असलेल्या विक्रीव्यवस्थेला होते. थम्स अप हे पेय नव्या मालकीतही टिकून राहिले. २०२१ मध्ये त्याची वार्षिक विक्री एक अब्ज डॉलरवर गेल्याचे कंपनीने जाहीर केले.

मागणीचे बदलते प्रवाह

विक्रीतील चढउतारांमागे चार कारणे प्रामुख्याने आढळतात : वेष्टन, किंमत, ऋतुमान आणि ग्राहकाचा विश्वास.

काचेची बाटली परत करावी लागत असल्यामुळे पेय दुकानापाशीच उभे राहून प्यावे लागे. १९८५ मध्ये फ्रूटी हे आंब्याचे पेय कागदी खोक्यातून आले आणि पेय दप्तरात, प्रवासात व घरी जाऊ लागले. पुढे प्लॅस्टिकच्या बाटलीने हाच बदल अधिक व्यापक केला. बाटली परत आणण्याचा खर्च वाचल्यामुळे दूरची खेडी बाजाराच्या कक्षेत आली. काचेची बाटली कारखान्यात परत जाई. प्लॅस्टिकची बाटली मात्र गावाच्या ओढ्यात पडते. कंपनीच्या हिशेबातून सुटलेला हा खर्च ग्रामपंचायतीच्या माथी येतो, याची दखल पुढे घेतली आहे.

किमतीच्या बाबतीत या उद्योगाने नाण्याचे महत्त्व ओळखले. २००३ मध्ये कोका-कोलाने २०० मि.ली.ची बाटली ५ रुपयांस देशभर विकण्यास काढली आणि ग्रामीण विक्रीस मोठी चालना मिळाली. वीस वर्षांनी, २०२३ मध्ये, रिलायन्स उद्योगसमूहाने कॅम्पा हे जुने नाव पुन्हा बाजारात आणले, तेव्हाही २०० मि.ली.ची बाटली १० रुपयांस हेच तिचे प्रमुख अस्त्र होते. सुट्या पैशाची घासाघीस न करता एका नाण्यात मिळणारी वस्तू खेड्यात अधिक खपते, हे दोन्ही वेळा दिसून आले.

ऋतुमानाचा प्रभाव तर निर्णायक आहे. वर्षातील विक्रीचा मोठा भाग मार्च ते जून या चार महिन्यांत होतो. २०२० मध्ये २५ मार्चपासून टाळेबंदी लागू झाली आणि तो संपूर्ण हंगाम हातचा गेला. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोचला. उन्हाळा अशा प्रकारे आखूड झाल्याने एप्रिल ते जून या तिमाहीत विक्री घटल्याचे मोठ्या उत्पादकांनी नमूद केले. पावसाची एक तारीख वर्षाचे अंदाज बदलू शकते, इतका हा व्यवसाय हवामानाशी बांधलेला आहे.

विश्वासाचा प्रश्न २००३ मध्ये तीव्रतेने पुढे आला. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश आढळल्याचे ऑगस्टमध्ये जाहीर केले. शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती नेमण्यात आली. फेब्रुवारी २००४ मध्ये सादर झालेल्या तिच्या अहवालाने संस्थेच्या निष्कर्षांस दुजोरा दिला. त्या काळात विक्रीला मोठा फटका बसला. अलीकडे साखरेविषयीची जागरूकता वाढली असून कमी साखरेच्या व बिनसाखरेच्या पेयांकडे कंपन्या वळल्या आहेत. याच कारणाने फळांच्या व पारंपरिक पेयांकडेही ग्राहकांचे लक्ष जाऊ लागले आहे.

करआकारणीचा कलही त्याच दिशेचा आहे. १ जुलै २०१७ पासून गोड वायुयुक्त पेयांवर २८ टक्के वस्तू व सेवा कर आणि १२ टक्के उपकर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्याऐवजी सरळ ४० टक्के कर लागू झाला. फळांच्या गरावर वा रसावर आधारलेल्या बिनवायूच्या पेयांवरील कर मात्र त्याच दिवशी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. फळाच्या रसात वायू मिसळून विकले तर ४० टक्के आणि वायूविना विकले तर ५ टक्के, हा फरक लहान उत्पादकांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

फळ, गर आणि भाव

बाजार फळपेयांकडे झुकत असेल तर फळउत्पादकाची भरभराट व्हावयास हवी. प्रत्यक्षात तसे का होत नाही, हे एका साध्या हिशेबाने स्पष्ट होते.

अन्न सुरक्षेच्या नियमांनुसार ‘फळपेय’ म्हणून विकल्या जाणाऱ्या तयार पेयात किमान १० टक्के फळाचा रस असावा लागतो. लिंबाच्या बाबतीत ही मर्यादा ५ टक्के आहे. काही उत्पादक यापेक्षा अधिक गर घालतात. येथे उदाहरणासाठी किमान प्रमाण धरले, तर २०० मि.ली.च्या आंबापेयात सुमारे २० ग्रॅम गर येतो. फळाच्या वजनापैकी निम्मा गर निघतो असे मानल्यास त्यासाठी ४० ग्रॅम आंबा लागेल. आंब्याचा भाव किलोस १२ रुपये असेल तर या ४० ग्रॅमची किंमत ४८ पैसे होते. ८ रुपये असेल तर ३२ पैसे. म्हणजे आंब्याच्या नावावर आणि आंब्याच्या चित्रावर विकल्या जाणाऱ्या बाटलीत बागायतदाराचा वाटा अर्ध्या रुपयाच्या आतबाहेर राहतो. बाकी रक्कम साखर, वेष्टन, वाहतूक, जाहिरात, कर, घाऊक व किरकोळ विक्रेत्याचे कमिशन आणि कंपनीचा नफा यांत विभागली जाते.

या हिशेबाची दुसरी बाजूही आहे. आंब्याचा भाव १२ रुपयांवरून २४ रुपये झाला, तरी बाटलीमागे खर्चात ४८ पैशांचीच भर पडते. फळाला रास्त भाव दिल्यास पेय महाग होऊन विक्री बसेल, हे म्हणणे त्यामुळे फारसे टिकत नाही. तरीही भाव मिळत नाही, याचे कारण अन्यत्र शोधावे लागते.

२०२५ च्या हंगामात आंध्र प्रदेशातील चित्तूर भागात ते कारण उघडे पडले. या भागातील तोतापुरी आंबा प्रामुख्याने गरासाठी, म्हणजेच अखेर पेयांसाठी पिकविला जातो. त्या वर्षी पीक भरघोस आले. पण कारखान्यांत आदल्या हंगामाचा गर मोठ्या प्रमाणावर शिल्लक होता. खरेदी मंदावली, भाव घसरले आणि आंब्यांनी भरलेली वाहने कारखान्यांच्या दारांत ताटकळत उभी राहिली. अखेर राज्य शासनास किलोस १२ रुपये भाव ठरवावा लागला. त्यांपैकी ८ रुपये कारखान्याने आणि ४ रुपये शासनाने द्यावयाचे होते.

पिकलेला आंबा काही दिवस टिकतो. निर्जंतुक करून पिंपात भरलेला गर वर्षभराहून अधिक काळ टिकतो. गर ज्याच्याकडे आहे तो थांबू शकतो, आंबा ज्याच्याकडे आहे तो थांबू शकत नाही. भाव ठरविताना हाच फरक निर्णायक होतो. १९७७ मध्येही रिकामा बाजार ज्यांच्याकडे कारखाने व बाटल्या होत्या त्यांच्याकडे गेला. आणि आज भाव ठरविण्याचे बळ ज्यांच्याकडे माल टिकवून धरण्याची सोय आहे त्यांच्याकडे जाते. पेयांची विक्री वाढल्याने फळाची मागणी वाढते हे खरे. परंतु फळाचा भाव वाढण्यास उत्पादकाच्या हाती थांबण्याची क्षमता यावी लागते.

कोकणातील स्थिती

कोकणात या प्रश्नाचे स्वरूप थोडे वेगळे आहे. हापूसचा चांगला माल पेटीतून विकला जातो आणि डागी, लहान किंवा उशिरा तयार झालेले फळ मे महिन्यात कॅनिंगला जाते. कॅनिंगचा दर किती निघणार, याकडे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील बागायतदारांचे डोळे दरवर्षी लागलेले असतात. कारण पाऊस जवळ आला की झाडावर फळ राखून ठेवता येत नाही.

कोकमाच्या बाबतीत ही अडचण अधिक बिकट आहे. रातांबे एप्रिलपासून जूनपर्यंत पिकतात आणि ऐन काढणीत पाऊस गाठतो. झाडे परसात, बांधावर, डोंगरउतारावर विखुरलेली असतात. फळे गोळा करणे, फोडणे, साले रसात भिजवून पुन्हा पुन्हा वाळविणे ही कामे बहुतांशी घरातील स्त्रिया करतात. उन्हाची चार दिवसांची उघडीप मिळाली नाही तर आमसुले काळवंडतात आणि उरलेले रातांबे झाडाखालीच कुजतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने १९९७ मध्ये प्रसारित केलेली ‘कोकण अमृता’ ही जात लवकर तयार होत असल्यामुळे पावसापूर्वी काढणीस सोयीची ठरली आहे. सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमास भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे.

असे असले तरी कोकमाची एक बाजू बळकट आहे. मीठ घालून केलेले आगळ आणि साखरेत मुरवून केलेले अमृत कोकम हे दोन्ही पदार्थ टिकाऊ आहेत. फळाच्या अंगच्या आंबटपणामुळे ते सुरक्षितपणे टिकविणे तुलनेने सोपे जाते. अमृत कोकमाच्या एका भागात पाच भाग पाणी मिसळले तर ७५० मि.ली.च्या एका बाटलीतून साडेचार लिटर, म्हणजे २०० मि.ली.चे बावीस पेले सरबत होते. वाहतूक मात्र एकाच बाटलीची करावी लागते. मोठ्या कंपन्यांनी अर्क पाठवून जे साधले, तेच कोकणातील गृहिणी पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहे. उणीव आहे ती प्रमाणबद्धतेची आणि नित्य पुरवठ्याची. एका घरचे सरबत गडद तर दुसऱ्या घरचे फिके, एका बाटलीत साखर अधिक तर दुसरीत कमी, अशा मालाला पर्यटक एकदा घेतो. उपाहारगृहाचा चालक वर्षाचा करार करीत नाही.

काजूच्या बोंडूची स्थिती याहून शोचनीय आहे. बोंडूचे वजन बीच्या कित्येक पट असते. परंतु बी काढून घेतल्यावर सिंधुदुर्गातील बहुतेक बोंडू बागेतच टाकून दिले जातात. शेजारच्या गोव्यात त्याच बोंडूपासून फेणी होते आणि २००९ मध्ये फेणीस भौगोलिक मानांकन मिळाले. बोंडूचा रस एका दिवसातच आंबू लागतो व त्याच्या तुरटपणामुळे घसा खवखवतो. साबूदाण्याची पातळ पेज मिसळून रस निवळून घेतल्यास हा तुरटपणा बराच कमी होतो आणि त्यापासून चांगले सरबत करता येते. ही कृती अवघड नाही. मात्र ती बागेपासून काही तासांच्या अंतरावर व्हावयास हवी. त्यासाठी गावातच रस काढण्याची सोय लागते.

रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे परशुराम येथे कोका-कोला पेयांच्या कारखान्याचे भूमिपूजन नोव्हेंबर २०२३ मध्ये झाले. मोठा उद्योग जवळ आल्यास काही हातांना रोजगार मिळतो. परंतु कोकणातील फळे अशा उद्योगांच्या कामी यावयाची असतील, तर ठरलेल्या प्रतीचा गर व रस ठरलेल्या वेळी पुरविणाऱ्या संस्था आधी उभ्या राहिल्या पाहिजेत. विखुरलेल्या शंभर बागायतदारांशी कोणतीही कंपनी स्वतंत्र बोलणी करीत बसत नाही. ती मध्यस्थाशीच करते.

पाणी आणि पंचायत

पेयांचा मुख्य कच्चा माल पाणी असल्यामुळे या उद्योगाचा ग्रामपंचायतीशी थेट संबंध येतो. केरळमधील पालक्काड जिल्ह्यातील प्लाचिमाडा येथील घटना या दृष्टीने प्रत्येक पंचायत सदस्याने समजून घेण्यासारखी आहे. पेरुमाट्टी ग्रामपंचायतीच्या हद्दीत २००० मध्ये शीतपेयांचा कारखाना सुरू झाला. विहिरींची पातळी खालावल्याच्या आणि पाणी पिण्यायोग्य न राहिल्याच्या तक्रारी पुढे आल्या. २००२ मध्ये आदिवासींच्या पुढाकाराने आंदोलन उभे राहिले आणि एप्रिल २००३ मध्ये पंचायतीने परवान्याचे नूतनीकरण नाकारले. भूजल ही सार्वजनिक संपत्ती असून शासन तिचे विश्वस्त आहे, असा निर्णय केरळ उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठाने डिसेंबर २००३ मध्ये दिला. २००५ मध्ये खंडपीठाने तो बदलून दिवसाला ५ लाख लिटरपर्यंत उपशास मुभा दिली. तथापि मार्च २००४ मध्ये बंद पडलेला कारखाना पुन्हा सुरू झाला नाही. राज्य शासनाच्या उच्चाधिकार समितीने २०१० मध्ये नुकसानीचा अंदाज सुमारे २१६ कोटी रुपये केला.

कारखाना आल्यानंतर विहिरी मोजण्यापेक्षा येण्यापूर्वी मोजलेल्या असणे महत्त्वाचे आहे. उन्हाळ्यातील व पावसाळ्यानंतरची पाण्याची पातळी वर्षानुवर्षे नोंदविलेली असेल, तर तक्रार खरी की खोटी हे कागदावरून ठरविता येते. नसेल, तर उद्योग आणि गाव दोघेही केवळ शब्दांनी भांडत राहतात. पेयाची मागणी उन्हाळ्यात वाढते आणि त्याच दिवसांत विहिरी आटतात. त्यामुळे वार्षिक सरासरीपेक्षा एप्रिल-मे महिन्यांतील उपसा किती, हाच प्रश्न विचारला गेला पाहिजे.

रिकाम्या प्लॅस्टिक बाटल्यांचे ओझेही असेच गावावर पडते. फेब्रुवारी २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार वेष्टनाच्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली आहे. बाटल्या वेगळ्या गोळा करून ठेवल्या तर पुनर्वापर करणाऱ्यांना त्या विकता येतात. यात्रा, उरूस आणि आठवडे बाजाराच्या दिवशी असे संकलन करणे पंचायतीस सहज शक्य आहे.

करावयाची कामे

वरील विवेचनावरून ग्रामीण भागासाठी काही दिशा स्पष्ट होतात.

१. फळ टिकविण्याची सोय बागेजवळ उभी करणे ही पहिली गरज आहे. गर वा रस काढणे, तो तापवून निर्जंतुक करणे आणि पिंपांत भरून ठेवणे एवढी सोय गावगटात असली, तरी ऐन हंगामात पडेल त्या भावाने विकण्याची सक्ती कमी होते. लहान प्रक्रिया उद्योगांसाठीच्या शासकीय योजनांचा उपयोग एकेका घरापेक्षा गटासाठी केल्यास यंत्रे वर्षातून जास्त दिवस चालतात.

२. प्रत एकसारखी ठेवणे आवश्यक आहे. साखरेचे प्रमाण, आंबटपणा आणि रंग यांची साधी मोजणी करून प्रत्येक घाण्याची नोंद ठेवावी. महिला बचत गटांनी निरनिराळी नावे छापून परस्परांशी स्पर्धा करण्यापेक्षा तालुक्याचे एक नाव, एक कृती आणि एक लेबल स्वीकारणे हितावह होईल.

३. विक्री जवळच्या ठिकाणापासून सुरू करावी. शासकीय कार्यालयांची उपाहारगृहे, एस.टी. स्थानके, रुग्णालयांचे परिसर, सभा-संमेलने येथे बाटलीऐवजी पेल्यातून सरबत देता येते. तेथे वेष्टनाचा खर्च वाचतो आणि कंपनीच्या शीतकपाटाशी झगडावे लागत नाही.

४. पुरवठ्याचा करार लेखी असावा. भाव, प्रत, वजन, पैसे देण्याची मुदत आणि माल नाकारल्यास काय करावयाचे, या पाच बाबी त्यात स्पष्ट नसतील तर करार उत्पादकाच्या उपयोगी पडत नाही.

५. पाण्याच्या नोंदी पंचायतीने स्वतः ठेवाव्यात. गावातील ठरावीक विहिरींची पातळी दर महिन्यास मोजून ती फलकावर लिहिली तर उद्योगविषयक कोणताही निर्णय माहितीच्या आधारे घेता येईल.

शाळांनाही यात वाटा उचलता येण्यासारखा आहे. गणिताच्या तासाला शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून बाटल्यांवरील लेबले वाचून घ्यावीत. फळाचे प्रमाण किती, साखर किती, किंमत किती, हे फळ्यावर लिहून ‘या बाटलीतील फळाचे शेतकऱ्याला किती पैसे मिळाले असतील?’ एवढा एक प्रश्न सोडवावयास द्यावा. टक्केवारीचा पाठ त्यातून होतोच. शिवाय उद्याचा बागायतदार आणि उद्याचा ग्राहक या दोघांनाही बाटलीकडे निराळ्या नजरेने पाहण्याची सवय लागते.

शीतपेयांचा बाजार यापुढेही वाढत राहील, अशी चिन्हे आहेत. उन्हाळे कडक होत आहेत, खेड्यांपर्यंत वीज व रस्ते पोचले आहेत आणि फळांच्या पेयांवरील कर उतरला आहे. संधी आहे यात शंका नाही. परंतु पावसाच्या पहिल्या सरीबरोबर ज्याचे फळ मातीमोल होते, त्याच्यापर्यंत ही संधी आपोआप येणार नाही. ज्या गावात मे महिन्याचा रातांबा दिवाळीपर्यंत आगळाच्या रूपाने सांभाळून ठेवण्याची व्यवस्था होईल, त्या गावाला भाव विचारण्याचा अधिकार मिळेल.